वरचं बटण

बस कॅम्डन टाऊनच्या वळणाला लागली तेव्हा सिरिल हॅडोच्या ध्यानात आलं, की समोरच्या बाकावरची बाई आपल्या चेहऱ्याकडे नव्हे, हातांकडे पाहते आहे. चेहऱ्याकडे पाहणारी माणसं त्याला अलीकडे भेटू लागली होती. 'चौथा भाडेकरू' हा सिनेमा म्हणजे मोठ्या अमेरिकन सिनेमाच्या आधी दाखवायचा तासाभराचा स्वस्तातला माल. पण उभा जन्म फिरत्या नाटक मंडळ्यांत बटलर आणि पाद्री करत काढलेल्या सिरिलला त्यात पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं. युद्धात एका नाझी छळछावणीवर अधिकारी असलेला आणि आता लंडनच्या एका भाड्याच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करत लपून राहिलेला माणूस म्हणजे सिरिल, आणि त्याच्या मागावर एक तरुण गुप्तहेर. सिनेमा लागल्यापासून कोपऱ्यावरची पाववाली सुटे पैसे त्याच्या तळहातावर न ठेवता काउंटरवर ठेवायची. त्याला त्याची गंमत वाटायची. ही बाई मात्र वेगळी होती. पन्नाशीची, डोक्याला करडा रुमाल, मांडीवर जाळीची पिशवी आणि पिशवीत दोन बीट.

"तुम्हीच ना ते, सिनेमातले?"

"हो, मीच तो नालायक," सिरिल हसून म्हणाला. सही मागणार असं वाटून त्याचा हात आपसूक खिशातल्या पेनाकडे गेला.

"ते बटणाचं तुम्हाला कोणी शिकवलं?"

"बटणाचं?"

बाईनं पिशवी खाली ठेवली. पुढं वाकून तिनं त्याच्या ओव्हरकोटाचं वरचं बटण दोन बोटांत धरलं, त्याची भोकं सरळ रेषेत येईपर्यंत फिरवलं, आणि बोटांच्या मागच्या बाजूनं खालचं कापड दोनदा झटकलं. शेजारचा म्हातारा वर्तमानपत्र खाली करून बघू लागला.

"हे."

"अच्छा, ते होय! ते माझं मीच. संहितेत नव्हतंच ते."

"नाही," ती म्हणाली. एखाद्या मुलाच्या गणितातली चूक दाखवावी तसं. "असलं कुणी मनानं करत नाही. तुम्ही ते पाहिलंय. मीही पाहिलंय. कुठं पाहिलंत तेवढं सांगा."

"बाई, खरंच सांगतो..."

"मी मिसेस झॅक. फ्रुमा झॅक. स्टोक न्यूइंग्टनला मोठ्या लाँड्रीच्या मागं कपडे बेतून देते. आधी, युद्धात, लिथुआनियात होते, काउनासला." ती उठली, दांडा धरून उभी राहिली. "आठवलं की या. नाही आठवलं तरी या. पण खोटं सांगायला येऊ नका." आणि ती उतरून गेली. बस हलली. सिरिलनं बटणाला हात लावून पाहिलं. ते अजून सरळच होतं.

दोन थांबे आधीच उतरून तो चालत घरी निघाला. असं त्यानं का केलं हे त्याला सांगता आलं नसतं. डोक्यात काहीतरी हललं होतं आणि बसच्या धक्क्यांनी ते सांडेल असं वाटत होतं. मी खोटं बोललो का? त्यानं तो चित्रीकरणाचा दिवस आठवून पाहिला. नदीकाठची ती पत्र्याची शेड, पाऊस आला की आवाजापायी काम थांबायचं. एकच जिना, पडदे बदलून तोच तीन घरांचा जिना व्हायचा. दिग्दर्शक प्राऊस सर्दीनं हैराण, नाकाला रुमाल लावून ओरडायचा, "फिल्म संपत आलीय, पोरांनो, पहिल्या फटक्यात द्या!" गुप्तहेर अखेर घड्याळजीच्या दारात येऊन उभा राहतो, त्याला खऱ्या नावानं हाक मारतो, आणि संहितेत पुढं लिहिलं होतं, 'तो हसतो.' सिरिलला हसू येईना. गालाचे स्नायूच वर जाईनात. आणि मग त्याचा हात पुढं झाला आणि त्यानं त्या तरुणाच्या कोटाचं बटण सरळ केलं, दोनदा झटकलं. तो तरुण नट खरोखरच दचकला, त्याची मान मागं गेली, आणि प्राऊस शिंकायचं विसरला. "हे कुठून काढलंस रे?" प्राऊसनं नंतर विचारलं. "असंच," सिरिल म्हणाला होता. तेव्हा तो खरं बोलत होता. निदान तसं त्याला वाटत होतं. वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या परीक्षणातही एक ओळ त्या बटणावरच होती आणि ती ओळ विनीनं कापून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती.

विनी बटाटे सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सुरी थांबवली नाही.

"मग? आठव की."

"अगं, पण मी ते पाहिलेलंच नाही तर आठवू काय?"

"सिरिल, तू आयुष्यात एक तरी गोष्ट स्वतःच्या मनाची केलीयस का? तुझा तो पाद्री खोकायचा तो माझ्या बाबांचा खोकला. लेस्टरला तू जमीनदार झालास तेव्हा दूधवाल्याची चाल घेतलीस, बिचारा दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. दिसेल ते उचलायचं आणि घरट्यात नेऊन ठेवायचं. चोर पाखरू आहेस तू."

"ते सगळं मला ठाऊक असतं गं. कुणाचं घेतलं ते माहीत असतं. हे नाही माहीत."

"मग ते जास्त खोल ठेवलेलं असणार," विनी म्हणाली आणि बटाटे पाण्यात टाकले.

पुढचे दिवस मोठे विलक्षण गेले. सिरिल स्वतःच्याच घरात एखाद्या पाहुण्यासारखा वावरू लागला. आपल्या मनाच्या खोल्यांची दारं उघडून आत डोकवावं, इथं कोण राहून गेलं असेल बरं म्हणून, तसं त्याचं चाललं होतं. त्यानं वडिलांना तपासून पाहिलं. वडील कुणाला हात लावत नसत, मुलांना तर नाहीच. शाळेतले मास्तर, सैन्यात पगारखात्यात असतानाचा तो सार्जंट, नाटकाचे कपडे सांभाळणाऱ्या बायका. त्या बायका बटणं शिवत, पण दातांत सुई धरून, आणि त्यांच्या हातांत घाई असे. या हातात घाई नव्हती. वेळच वेळ असलेला हात होता तो. आरशासमोर उभं राहून सिरिल स्वतःच्या कोटावर ते करून बघायचा आणि काहीच घडायचं नाही, कारण ते दुसऱ्याच्या कोटावर करायचं होतं. म्हणून त्यानं विनीला उभं केलं. तिच्या कोटाचं बटण धरलं, फिरवलं, झटकलं. आणि तिसऱ्या खेपेला त्याच्या नाकाला कसलातरी वास आला. रॉकेलचा. घरात रॉकेल नव्हतं. विनी म्हणाली, "माझ्या अंगावर काटा आला, आता पुरे." पण सिरिलला पुरे वाटत नव्हतं. त्याला एक गोष्ट कबूल करणं भाग होतं, की या शोधात त्याला मजा येत होती. त्या बाईनं काउनासला काय पाहिलं असेल त्याची कल्पना करायला तो धजत नव्हता, आणि तरीही सकाळी डोळे उघडताना पहिला विचार यायचा तो उत्सुकतेचाच. लहानपणी नाताळच्या सकाळी यायचा तसा. त्याची त्याला लाज वाटायची आणि लाजेनं ती उत्सुकता कमी व्हायची नाही.

हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला गेला असताना दुकानदार मागच्या बाजूला कुणाला तरी डब्यात रॉकेल ओतून देत होता, आणि सिरिल तिथंच उभा राहिला. ओल्डहॅम. युद्ध संपून तिसरा की चौथा हिवाळा. नाटक मंडळी बुडाली होती, मालक रातोरात पळाला होता, आणि सिरिल मिसेस ऑलरेनशॉच्या खानावळवजा घरात अडकून पडला होता. विनीशी तेव्हा अजून लग्न झालेलं नव्हतं, आई नुकतीच गेली होती, आणि सकाळच्या न्याहारीला पावावर चरबी फासून खाताना त्याच्या मनात येई, की आपण इथं खुर्चीवर मेलो तरी लोकांना दुपारीच कळेल. त्या टेबलावर सूतगिरणीत काम करणारा एक परदेशी माणूस असे. उंच, खांदे किंचित वाकलेले, बोलणं थोडं. बाकीचे त्याला मिस्टर कॅसी म्हणत, कारण त्याचं खरं नाव काझिस का काहीसं होतं. रॉकेलची शेगडी भरायचं काम तो आपणहून करी. आणि एका सकाळी सिरिल लंडनला नाटकातल्या कामासाठी चाचणी द्यायला निघाला, दाराच्या बोळात ओला ओव्हरकोट चढवत होता, तेव्हा हा माणूस शेगडी हातातून खाली ठेवून जवळ आला. त्यानं सिरिलचं वरचं बटण धरून फिरवलं. कापड दोनदा झटकलं. म्हणाला, "आता जा." बस्स, एवढंच. सिरिल आगगाडीत बसल्यावर रडला होता. त्या सबंध हिवाळ्यात त्याला कुणी मायेनं हात लावला होता तो तेवढाच.

खिळ्यांची पुडी हातात घेऊन तो रस्त्यावर आला. वर्षानुवर्षं त्यानं जे जपून ठेवलं होतं आणि जपलंय हेही विसरला होता, ते कॅमेऱ्यासमोर बाहेर आलं तेव्हा त्यानं ते एका खुन्याच्या हातात दिलं होतं. का? हाताला काय ठाऊक होतं? त्या बोळात, त्या मायेतच, काही असं होतं का जे त्याच्या कातडीला कळलं आणि त्याला कळलं नाही? की हा सगळा योगायोग, आणि लिथुआनियात बटणं सरळ करणारी माणसं घरोघर असतात? कळण्याचा एकच मार्ग होता. विनी म्हणाली, "सिनेमात त्याला शोधायला देखणा पोरगा होता. तू गुडघेदुखीचं तेल घेऊन जा." आणि तिनं सँडविचं बांधून दिली.

ओल्डहॅमला मिसेस ऑलरेनशॉ अजून होत्या. दात नव्हते, पण जीभ शाबूत होती.

"हॅडो? कोण हॅडो? हां, तो रडका नट! ये, आत ये, पाय पूस. माझी एक उशी नेलीस तू जाताना."

"मी नाही हो नेली."

"मग दुसऱ्या कुणी नेली असेल. कॅसी? आहे की. विधवेला पटवलं त्यानं, एडनाला. चॅपलच्या मागच्या गल्लीत राहतात. चांगला माणूस हो, माझी चिमणी साफ करून देतो अजून. का रे, काय काम काढलंस?"

"सहज. भेटावंसं वाटलं."

"एवढ्या लांबून सहज?" म्हातारीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "नट तो नटच."

दार काझिसनंच उघडलं. केस पांढरे झाले होते, खांदे आणखी वाकले होते. सिरिल नाव सांगणार तोच त्या माणसाचा चेहरा फुलला आणि तो आत वळून ओरडला, "एडना! एडना, बघ कोण आलंय! सिनेमातला!" सिरिलला धरून त्यानं शेगडीजवळच्या खुर्चीत बसवलं. एडना, गुबगुबीत, पिठानं माखलेले हात पुसत आली. "अहो, काय सांगू, हे थेटरात उठून उभेच राहिले! मागचे लोक ओरडायला लागले, बसा की म्हणून."

"माझं बटण!" काझिस हसत म्हणाला. "मी म्हटलं तिला, ते माझं आहे. ऑलरेनशॉबाईंच्या बोळात मी केलं होतं, याच्या कोटाला. क्लबात सगळ्यांना सांगितलं, कुणाला पटेना. आता तूच सांग त्यांना."

सिरिल आलेपाक घातलेल्या केकचा तुकडा हातात धरून बसून राहिला. त्यानं सगळ्याची तयारी केली होती, दार तोंडावर आपटण्याची, इन्काराची, पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याची. सिनेमात तसं असतं. अभिमानाची तयारी त्यानं केली नव्हती.

"तुम्ही ते कुठं शिकलात?" त्यानं विचारलं. बसमधल्या बाईचाच प्रश्न आपल्या तोंडून येतोय हे त्याला ऐकू आलं.

"आई करायची. शाळेत जाताना, दारात. सात भावंडं आम्ही, ओळीनं उभे राहायचो. प्रत्येकाचं बटण." त्याचे डोळे क्षणभर मऊ झाले. "मग म्हणायची, आता जा."

"आणि युद्धात?"

"युद्धात काय?"

"युद्धात तुम्ही काउनासला होता?"

काझिसनं चहा ढवळला. चमचा बशीत नीट ठेवला. घाबरला नव्हता तो. सिरिलनं त्याचा चेहरा निरखून पाहिला, धंद्यातल्या माणसाच्या नजरेनं, आणि तिथं त्याला भीती सापडली नाही, फक्त कुणीतरी खिडकी ओढून घ्यावी तशी हालचाल दिसली. "पोलिसात होतो. फाटकावर. सगळेच कुठं ना कुठं होते." मग तो पुन्हा हसला. "सिनेमा ठीक होता. पण तुझा तो माणूस भ्यायलेला दाखवला ते खोटं. तसल्या माणसाला भ्यायला वेळ कुठं असतो? कामच एवढं असतं." एडना म्हणाली, "अहो, जुनं कशाला उगाळता, केक घ्या ना," आणि सिरिलनं घेतला, आणि तो चांगला होता.

परतीच्या वाटेवर त्यानं मनाशी घोळवून पाहिलं, की मिसेस झॅकना जाऊन सांगावं, नाही आठवत. तो हात सिरिलच्याही वाट्याला आला होता. त्या हिवाळ्यातून त्याला बाहेर ढकललं होतं ते त्याच हातानं, आणि त्याआधी त्या हाताला ती लकब एका आईनं दिली होती. मध्ये फाटकावर त्या हातानं काय केलं ते माहीत झाल्यावर दोन्ही टोकं नासतात का? पण खोटं सांगायला येऊ नका, असं ती म्हणाली होती, आणि आता त्याला ते खोटं काय हे नेमकं ठाऊक होतं.

लाँड्रीच्या मागची खोली वाफेनं भरलेली होती. मिसेस झॅक एका पँटची घडी उसवत होत्या. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, केक आणि आईसुद्धा. त्या टाके उसवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आई. बरं." मग पँट बाजूला ठेवून, "आम्हा ज्यूंना तारांच्या कुंपणात कोंडलं होतं, त्याच्या फाटकातून रोज सकाळी कामाची टोळी बाहेर जायची. ज्याला टोळीतून मारायला काढायचं, त्याचं बटण तो फाटकावरचा पोलीस नीट करायचा. बाकी काही नाही. ओरडणं नाही, मारणं नाही. माझ्या धाकट्या भावाचं केलं तेव्हा भावानं त्याचे आभार मानले. वळण होतं ना घरचं."

मिसेस झॅक पोलीस चौकीत जाऊन आल्या, सिरिलही बरोबर गेला. तिथल्या साहेबांनी सगळं लिहून घेतलं, चहा दिला, आणि सांगितलं, की परक्या देशात, परक्या माणसानं केलेल्या गुन्ह्याला इथला कायदा हात लावू शकत नाही. मात्र माहिती वर कळवू. साहेब खरोखरच खजील झाले होते. बाहेर आल्यावर मिसेस झॅक म्हणाल्या, "तुम्हाला वेळ कधी असतो?"

"मला नेहमीच वेळ असतो," सिरिल म्हणाला. "दुसरा सिनेमा कुठं मिळालाय अजून?"

म्हणून ते दोघं ओल्डहॅमला गेले. चॅपलच्या कोपऱ्यावर त्या थांबल्या आणि त्याला म्हणाल्या, "तुम्ही इथंच थांबा."

"पण मी येतो ना. एकट्या कशाला?"

"इथंच."

त्यानं त्यांना दार वाजवताना पाहिलं, एडनाला हसून बाजूला होताना पाहिलं, आणि दार लागलं. आयुष्यात कुठल्याही दारामागं काय चाललंय हे जाणून घ्यावंसं त्याला एवढं कधी वाटलं नव्हतं. पडद्याला एक फट होती. चार पावलं टाकली असती तर दिसलं असतं. गल्लीत दोरीवर चादरी वाळत होत्या, एक मांजर भिंतीवरून चालत गेलं. तो हलला नाही. कितीही पाहिलं तरी त्यातलं काहीतरी आपण उचलणार, आणि कधीतरी, कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये, ते आपल्या हातातून बाहेर येणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

त्या बाहेर आल्या तेव्हा रुमाल जसाच्या तसा होता. दारात एडना उभी होती, आणि ती आता हसत नव्हती. "स्टेशन कुठल्या बाजूला?" मिसेस झॅकनी विचारलं. गाडी स्टॉकपोर्टच्या पुलावरून जाईपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. विचारायचं नाही म्हणून सिरिलनं दात आवळून धरले होते. मग त्यांनी विनीच्या डब्यातलं सँडविच घेतलं, अर्धं खाल्लं, आणि म्हणाल्या:

"त्यानं मला ओळखलं नाही. ओळखावं असं मी कोण होते? मी म्हटलं, मला काही नको. माझ्या भावाचं नाव सांगते, ते म्हणा. तो म्हणाला, त्यानं काय होणार? मी म्हटलं, म्हणा. त्याची बायको ऐकत होती. मग म्हणाला. तोंडातल्या तोंडात, घाईनं. मी म्हटलं, असं नाही. पुन्हा."

"मग?"

"पुन्हा म्हणाला. पुन्हा चुकलं. नीट येईपर्यंत म्हणवून घेतलं. शेवटी बायकोच रडायला लागली आणि म्हणाली, कॅसी, नीट म्हण त्या पोराचं नाव. मग आलं नीट." त्यांनी हातावरचे पावाचे कण झटकले. "इतकी वर्षं जगात ते नाव घेणारी मी एकटीच होते."

गाडी बोगद्यात शिरली, डब्यातला पिवळा दिवा लागला, आणि काचेत दोघांचे चेहरे दिसू लागले. सिरिलनं आपल्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

"काय होतं नाव?" त्यानं विचारलं.

"लेयबके."

त्यानं ते म्हटलं. कुठलाही आवाज न लावता, आपल्या साध्या, थोड्या घोगऱ्या आवाजात. मिसेस झॅकनी मान किंचित कलती करून ऐकलं.

"शेवटचं अक्षर लहान," त्या म्हणाल्या. "हाक मारल्यासारखं. पुन्हा म्हणा."

"लेयबके," सिरिल म्हणाला.